तळ घासलेली फुलदाणी

आमच्या घरात इतकी वर्षं असलेल्या चिनी मातीच्या फुलदाणीवर खूण का नाही, हे मला माहीत आहे. ती मीच घासून काढली. हे छापून आलेलं माझ्या मुलाला नको आहे. तरी छापून येणारच.

गेल्या महिन्यात मुलानं सांगलीहून जुन्या वस्तूंच्या एका जाणकाराला घरी बोलावलं. त्यानं फुलदाणी उजेडात फिरवली, टिचकी मारून आवाज ऐकला, पालथी केली. वस्तू जुनी आहे, हातानं रंगवलेली आहे, पण कुठली ते सांगणं कठीण, असं म्हणाला. मग तळाच्या मधोमध अंगठा फिरवला.

"इथली झिलई गेलीय. कारखान्याची खूण कुणीतरी घासलेली दिसते."

"आमच्या पणजोबांना संस्थानातून भेट मिळालेली आहे ही," मुलगा म्हणाला. ही कहाणी त्याला मीच सांगितली होती.

"कारखान्याची खूण नव्हती," मी म्हणालो. "तिथं माझ्या वहिनीचं नाव होतं."

विट्याकडच्या कितीतरी जणांसारखं माझ्या थोरल्या भावाचं कलकत्त्याला सोनं गाळायचं, गलाईचं दुकान होतं. फुलदाणी त्यानं तिथून बायकोसाठी आणली. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, म्हणून काच कापायच्या हिरकणीनं हिच्याही तळाला तिचं नाव कोरलं. पुढं तो वारला आणि वाटणी निघाली. भांड्यांचा नियम सोपा होता. नाव असेल ते त्या माणसाचं, बिननावाचं ते घराण्याचं. त्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या. मला ती फुलदाणी हवी होती. धार लावायच्या दगडानं मी दोन दुपारी तळ घासला.

"त्यावर माझं नाव हाय," वाटणीला वहिनी म्हणाली. "पालथी करून बघा."

चुलत्यांनी पालथी केली. "कुठं हाय गं नाव? आता हिच्यावर बी डोळा व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. चिठ्ठी माझी निघाली. त्यानंतर घरात वाटी जरी हरवली तरी लोक आधी वहिनीकडे बघायचे.

जाणकार गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी फुलदाणी गोधडीत गुंडाळून मी साताऱ्याला गेलो. वहिनी तिथं लेकीकडे असते. सगळं सांगितलं. ती बराच वेळ तळावरून बोट फिरवत राहिली.

"म्हंजे मी येडी न्हवते, भावजी. मला वाटायचं, नाव सपनातच बघितलं का काय."

"वहिनी, ही तुमची. ठेवून घ्या."

"ठिवती की. पर ज्यांच्याम्होरं मी खोटी पडले, त्यांचं काय?"

"ते सगळे गेले."

"त्यांची पोरं हायती न्हवं? लिवून काढा. समद्यांना कळू दे."

लिहिलं, आणि तिला वाचून दाखवायला परत गेलो. एका ठिकाणी मी 'वाटणीत गैरसमज झाला' असं लिहिलं होतं. तिनं हात वर करून थांबवलं.

"आवं, गैरसमज कुणाचा? तुमाला तर ठावं हुतं. नीट लिवा."

तिच्यासमोरच ते वाक्य खोडलं. मी चोरी केली आणि तिला खोटी ठरू दिलं, असं लिहिलं.

मुलगा म्हणतो, या वयात घराची अब्रू कशाला काढता? अब्रू त्या वाटणीच्या दिवशी गेली. ती एकट्या वहिनीची गेली, आणि तेव्हा घरातलं कुणी बोललं नाही. आता मी बोलणार.