लाल आली की पुन्हा

बायको गेल्यावर लेक पुण्याची नोकरी संगं घेऊन महिनाभर घरी राहाले आली. नोकरी म्हणजे लॅपटॉप. तो तिनं नेमका मायच्या बाजेवर मांडला. बाजेची सुतळी मायच्या वजनानं अजून तशीच दबून होती. लॅपटॉप तिथी पाहूनच मले किळस आली.

"हे काय करून राह्यली?"

"नवीन टूल बसवून राह्यली, बाबा. आम्ही प्रोग्राममध्ये काही बदललं का मशीन त्याच्या तपासण्या आपोआप करते. पास झाली तर हिरवी, नापास तर लाल. मागच्या साऱ्या तपासण्यांचं या टूलले इचारता येते."

काळ्या पडद्यावर ती हुकूम लिहे, अन् तो तिले हाकलून दे. एकदा म्हणे टोकन चुकलं. टोकन म्हणजे आत जायची परवानगी. मग रेंज गेली. मोबाईल धानाच्या ढोलीवर ठेवला, तेव्हा कुठी आली. दोन घंटे हेच. चहावर साय धरली.

"मायले जाऊन महिना नाई झाला, अन् हे थेर!" मी अंगणात थुंकलो.

"अन् तुमचा तंबाखूचा खर्रा थेर नाई का?" तोंडानं मायवरच गेली.

शेवटी टूल चाललं. ओळीवर ओळी आल्या. तिनं कपाळावर हात मारला.

"पाहा बाबा, ही एक तपासणी दिवाळीपासून लाल येऊन राह्यली. आमचे लोक काय करत? लाल आली का पुन्हा चालवत. दुसऱ्यांदा हिरवी आली का खुश. पहिल्या लालकडं कोणी पाह्यलंच नाई. घाणेरडी सवय!"

मी उठून लुगड्यांची पेटी उघडली.

तिच्या मायचं रक्त पहिल्यांदा अहेरीच्या दवाखान्यात तपासलं होतं. किडनी खराब, नागपूरले न्या म्हणाले. मले पटलं नाई. धान कापणीले आलं होतं, हेही खरं. आठ दिवसांनी दुसरीकडं पुन्हा रक्त काढाले लावलं. तिथी बरं निघालं. त्या दिवशी बाजारात आम्ही दोघांनी जिलेबी खाल्ली. पहिला कागद मी पेटीत लुगड्यांखाली दाबला. लेकीले सांगितलंच नाई. बायको त्याच किडनीनं गेली.

तो कागद काढून लेकीपुढं ठेवला.

"हा पहिला. लाल होता. मीच पुन्हा करवला."

तिनं तारीख वाचली. पुन्हा वाचली. माझ्याकडं पाह्यलं नाई. लॅपटॉप सरकवून बाजेवर जागा केली.

"बाकीचे कागद कुठी आहेत? सारे आणा," म्हणाली. "अन् बसा इथी."