काकांनी शिवलेली होडी

जगातली कुठलीही तुटलेली गोष्ट शिवून नीट करता येते, असं मनापासून मानणारा माणूस कोलकात्यात एकच असेल, आणि तो म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातले काका. नात्याने ते माझे कुणीच नाहीत. माझे वडील बहूबाजारात गलाईचं काम करतात, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करतात. मंडळाच्या गणपतीत त्यांनी काकांना चाचरत विचारलं होतं, "मुलीला कॉलेजात घालायचंय. फॉर्म कसा भरायचा असतो?" आमच्या घरात तोवर कॉलेजचा फॉर्म कुणी पाहिलाही नव्हता. काका सरकारी कचेरीत फायली सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी फॉर्म भरलाच, शिवाय माझे सगळे दाखले दाभणाने टोचून जाड दोऱ्याने असे शिवले, की कॉलेजातल्या क्लार्कला ते सुटे करता येईनात. "ये किसने सिया है?" त्याने कपाळाला हात लावून विचारलं. मी घाबरून म्हणाले, "काकाने." शेवटी ती फाइल तशीच अख्खी जमा झाली. वर्गातल्या तीन मुलींचे दाखले पुढे हरवले, माझा एकही हरवला नाही.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांच्या घरात न शिवलेली वस्तू शोधावी लागे. छत्री शिवलेली, टीव्हीच्या रिमोटचं झाकण शिवलेलं, चिरलेली प्लास्टिकची बादली तारेने शिवलेली. ती बादली गळायची, पण सावकाश गळायची, आणि काकांच्या मते तेवढ्यात अंघोळ उरकते. अशा माणसाला प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवून होडी करता येते हे कळल्यावर काय झालं असेल, ते मी सांगायला नको. फळ्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, मग सांध्यांत इपॉक्सीचा गोंद भरायचा आणि वरून काचेच्या कापडाची पट्टी चिकटवायची. काकांनी मला हे तीनदा समजावलं, तिन्ही वेळा डोळे चमकत होते.

"होडी काय परकर आहे शिवायला?" काकू म्हणाल्या.

"परकरापेक्षा सोपी. हिला नाडी नाही."

"मी त्यात पाऊल ठेवणार नाही, आत्ताच सांगते. तीस वर्षं पाण्यावरून गेले, पोट भरलं माझं."

काकू हावड्याच्या एका शाळेत शिकवायच्या. रोज लाँचने नदी ओलांडायची, रोज तशीच परतायची. काकांची कचेरी नदीच्या अलीकडच्याच काठावर होती, त्यामुळे त्या तीस वर्षांत त्या दोघांनी मिळून एकदाही नदी ओलांडली नव्हती. हे मला काकांनी एका रविवारी फळी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे न बघता. "ती एकटीच जायची गं. पावसाळ्यात मी घाटावर जाऊन उभा राहायचो, लाँच दिसेपर्यंत." दिवाळीनंतर ते दोघं कायमचे मुलाकडे पुण्याला जाणार होते, भाड्याचं घर सोडायचं होतं. होडी त्याआधी पाण्यात पडायला हवी होती, आणि काकू तिच्यात बसायला हव्या होत्या. यातलं दुसरं काम अवघड आहे, हे काकांना माहीत होतं.

पुढचे दोन महिने बैठकीची खोली ही गोदी झाली. काकूंच्या आमटीच्या वाट्या इपॉक्सी मोजायला गेल्या. लाकडाचा भुसा कालवून काका त्याची लापशी करायचे आणि एवढ्या कौतुकाने ढवळायचे की खावीशी वाटे. टाके घालताना तार सारखी तुटायची. आमचे वडील धातू तापवून मऊ करतात हे मला माहीत होतं, पण काकांना काही सुचवायचं म्हणजे मला धीर होईना. दोन रविवार गप्प बसले, तिसऱ्या रविवारी बोलले. काकांनी लगेच तार गॅसवर लाल केली, पाण्यात बुडवली, आणि ती दोऱ्यासारखी वळली. "दोन रविवार गप्प का बसलीस, वेडाबाई?" ते म्हणाले. शेजारचे बंगाली दादा रोज खिडकीतून विचारायचे, होडी दारातून बाहेर कशी काढणार? काका विजयाने हसायचे. दार त्यांनी सगळ्यात आधी मोजलं होतं.

जमीन मात्र मोजली नव्हती. होडीच्या दोन्ही कडा सगळीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर आणून, नीट मोजपट्टी लावून, त्यांनी सांधे भरले. इपॉक्सी दगडासारखं वाळल्यावर काकू फरशी धुवायला बादली घेऊन आल्या आणि थबकल्या. "अहो, तुम्ही जमिनीवरून माप घेतलंत? ही जमीन बाकी सपाट, पण त्या एका कोपऱ्यात भोकाकडे उतरती आहे. माझं पाणी रोज तिकडेच पळतं." काकांनी पाणसळ आणून होडीच्या त्या टोकाला आडवी ठेवली. तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. होडीला पीळ पडला होता.

"मला एकदा विचारायचंत तरी," काकू म्हणाल्या. उसवणं हा शब्द काकांनी आयुष्यात कधी वापरला नव्हता, आणि आता वेळही उरला नव्हता.

नदीच्या, म्हणजे गंगेच्या, भरती-ओहोटीत घरची होडी घालणं धोक्याचं, हे काकांनाही मान्य होतं. म्हणून बराकपूरला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरामागच्या तळ्यावर टेम्पोने होडी नेली. काका एकटे बसले, वल्ही मारली. होडी थोडी पुढे गेली आणि डावीकडे वळली. पुन्हा मारली, पुन्हा डावीकडे. अख्खी गिरकी घेऊन ते आमच्यासमोर पायऱ्यांना येऊन लागले. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. काका वल्ही मांडीवर ठेवून पाण्याकडे बघत राहिले.

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात पर्स दिली, चपला काढल्या, पदर खोचला. "सरका," त्या म्हणाल्या.

"अगं, तू तर म्हणाली होतीस..."

"सरका हो. लाँच एका बाजूला कलली की उलट्या बाजूला वळते, हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं."

त्या डाव्या कडेला टेकून बसल्या. होडी तेवढी डावीकडे कलली. काकांनी वल्ही मारली. होडी पुढे गेली, आणि पुढेच जात राहिली, सरळ, तळ्याच्या पलीकडच्या नारळांपर्यंत.

तिथे काकांनी वल्ही आत घेतली. दोघं बराच वेळ काहीतरी बोलत होते. काकू हाताने पलीकडचं काही दाखवत होत्या, काका मान हलवत होते. मला इकडे काठावर त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.