भिंतीपाशी आलेला कळप

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी एक खेळ करायला घेतला. त्या प्रकाराला रोगलाइक म्हणतात. आमचं घर मेंढपाळांचं, तिथं हा शब्द सांगून उपयोग नव्हता. वडिलांना, म्हणजे आबांना, मी एवढंच म्हणालो, की यात दर वेळी नवा मुलूख समोर येतो आणि गडी मेला की सगळं पहिल्यापासून.

आबा म्हणाले, "मंग आपलं निराळं काय हाय?"

माझ्या खेळातला गडी मेंढपाळच होता. दुष्काळात कळप घेऊन निघायचं, वाटेत बाभळीची काटेरी रानं, कोरडे ओढे, मोठे रस्ते, प्लॉटिंगच्या भिंती आणि पाणी संपायच्या आत पलीकडचं तळं. चित्रं माझा जोडीदार काढायचा. तो शहरातल्या गुलमंडीचा, घरात दोन पिढ्या नोकरदार. मुलूख तयार करणारा प्रोग्राम लिहिणं माझ्याकडे होतं.

प्रोजेक्टच्या सरांची अट साधी होती. खेळ कधी न पाहिलेल्या माणसाला तो तपासणीच्या दिवशी पुरा करता आला पाहिजे, नाहीतर विषय बदलून हजेरीचं सॉफ्टवेअर करा. मार्क त्यालाही मिळाले असते. पण तोवर मी जे काही शिकलो होतो ते कुणीतरी नेमून दिलेलं होतं. हा विषय तेवढा माझ्या मनानं सुचला होता. तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि तसं कुणाला सांगायला संकोचही वाटत होता.

हॉस्टेलच्या पोरांना खेळायला दिला, तर एकही जण शेवटाला पोचेना.

"अबे, ये गेम है के सजा?" एकानं माऊस ढकलून दिला.

दुसरा म्हणाला, "याच्यापरीस हजेरीचं कर बाबा. तिथं निदान मेंढरं तरी मरायची नायत."

जोडीदारानं त्यांचे मुलूख उघडून पाहिले आणि मला बोलावलं. "भावा, इथं वाटच नाहीये. बघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत."

"नसंल," मी म्हणालो. "भिंत आली की वाट राहतीच असं नाय."

"मग माणसानं करायचं काय?"

"माघारी फिरायचं."

तो हसायला लागला. "खेळात माघारी कोण फिरतं रे?"

असे खेळ करणारे लोक मुलूख तयार झाला की आधी तपासतात, की सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक तरी वाट आहे ना. मी ते वाचलंही होतं. पण मुलखानं आपल्यासाठी वाट ठेवलेली असते हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी होतो, त्या उन्हाळ्यात आबा आणि चुलत्यांबरोबर मेंढरं घेऊन निघालो होतो. चिकलठाण्याच्या पलीकडं एक पडीक रान होतं. तिथं गेलो तर रान नव्हतं, नवीकोरी भिंत होती. आत प्लॉटांच्या वीतभर उंचीच्या खुणा रोवलेल्या. चुलते म्हणाले, "आता हिलाच इचारा, कुठून जायचं ते." आबांनी भिंतीकडं एकदा पाहिलं आणि शीळ घालून कळप वळवला. ते चिडले नाहीत, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. संध्याकाळी मागच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवली. रात्रभर कळप वावरात बसला की लेंड्या-मुताचं खत मिळतं, म्हणून शेतकरी जागा देतो, धान्य देतो. त्यानं पाणीही दिलं. आबांच्या लेखी त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं.

हे मी जोडीदाराला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, पण त्याचा उपाय वेगळा होता. "गड्याला उडी दे. भिंतीवरून जाईल."

दिली उडी. मग गडी अख्खा कळप घेऊन भिंतींवरून टणाटण जायला लागला. बाभळी, ओढे, रस्ते, कशालाच काही अर्थ उरला नाही. चहा निवायच्या आत खेळ संपला. जोडीदारच म्हणाला, "छे, मजा गेली."

मला तिथं पहिल्यांदा कळलं, की गड्याची ताकद आणि वाटेतली अडचण वेगवेगळी ठरवता येत नाही. आणि आमच्या गड्याची खरी ताकद त्याच्या पायांत नव्हतीच, ती कळपाच्या खतात होती. मी उडी काढली. वावरात मेंढरं बसवली की पाणी मिळेल, पण एका वावरात एकदाच, असं केलं. भिंतींच्या बाजूला खत कुणालाच नको, तिथं त्याची किंमत शून्य. पुढं सरकावं तशी वावरं कमी आणि भिंती जास्त. मागं फिरायलाही पाणी लागणारच. तळं गाठणाऱ्याचा खेळ पुरा, तसाच पावसाळ्यापर्यंत कळप जगवणाऱ्याचाही पुरा. वाट आहे का हे तपासायची जोडीदाराची मागणी मी अर्धी मानली. तळ्यापर्यंत वाट असेलच असं नाही, पण वेळेत वळलं तर पोचता येईल असं वावर असलंच पाहिजे.

तपासणीला सर स्वतःच खेळायला बसले. त्यांनी तोवर खेळ पाहिला नव्हता. पहिल्या डावात ते भिंतीच्या कडेकडेनं फाटक शोधत गेले आणि एकेक मेंढरू पडत गेलं. त्यांनी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या डावात भिंत आली तशी त्यांचा हात थांबला. जोडीदार काहीतरी सांगणार होता, मी त्याचा पाय दाबला. सरांनी कळप वळवला. एका वावराशी शेतकरी आला, "मेंढरं बसवता का?" सरांनी हो दाबलं. मग दुसरं वावर, मग तिसरं. शेवटी पडद्यावर आलं, पाऊस लागला, हंगाम सरला.

"तळ्यापर्यंत तर मी गेलोच नाही," सर म्हणाले.

"नाही, सर."

"मग हा पुरा झाला म्हणायचा?"

मी म्हणालो, "आमच्यात म्हणतात, सर. मेंढरं आहेत ना."

सर म्हणाले, "मग खेळणाऱ्याला ते आधी सांगा की. तो बिचारा तळ्याच्या नादानं मरतोय."

विषय तोच राहिला. पहिल्या पडद्यावर आम्ही 'तळं गाठा' असं लिहिलं होतं. बाहेर आल्यावर पायरीवरच लॅपटॉप उघडून मी ते खोडलं आणि 'मेंढरं जगवा' असं लिहिलं.

"एवढंच?" जोडीदारानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.