सरस्वतीपुढचा स्पीकर आणि तीन व्होल्ट

दसऱ्याला तंजावरला जायचं ठरलं ते सेतुरावकाकांच्या फोनमुळे. काका आमचे लांबचे नातेवाईक. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलं आणि तिकडचंच झालं. ते हरिकथा करतात. आवाज बसल्यापासून कमरेला छोटा स्पीकर बांधतात. त्याची बॅटरी आणि चार्जिंगचा बोर्ड मी बनवून पाठवला होता. "तुझं काम एकदा कानांनी ऐक," म्हणाले. पाचवीपर्यंत मी घरीच शिकले, आईकडे गणित आणि बाबांकडे सोल्डरिंग. तरी कुणी माझं काम बघणार म्हटलं की मी ते पुन्हा पुन्हा तपासत बसते.

मिरजेहून बंगळुरू, तिथून रात्रीची गाडी. तिकीट दोन महिने आधी काढा. तंजावर स्टेशनवर रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे मी निमूट दिले आणि मग दिवसभर जास्त दिले का याचा विचार केला. मोठ्या देवळात सकाळी लवकर जा. नंतर दगड तापतात आणि चपला बाहेर असतात.

त्या दिवशी नवमी होती. काकूंनी तिकडच्या नवरात्राच्या रीतीप्रमाणे पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. पुढे सरस्वती, तिच्यापुढे पुस्तकं, वीणा, मुलाचा म्हणजे मोहनचा लॅपटॉप आणि गंध-कुंकू लावलेला माझा स्पीकर. पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मोहन सरकारी कचेरीत आहे. लॅपटॉप पूजेत म्हणून तो भलताच खुशीत. मी वाटीभर सुंडल, म्हणजे हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, खाल्लं, मग अजून एक वाटी.

सकाळी स्पीकर उचलला तर मेलेला. काकूंनी तो पूजेत मांडला तेव्हा बटण चालूच राहिलं होतं. "आईनं दिवसभर सरस्वतीलाच माइक दिला," मोहन म्हणाला. काकू स्पीकरवरचं कुंकू पुसू लागल्या. संध्याकाळी पाचला पापनाशमजवळच्या गावात कथा होती.

मीटर लावला: दोन पूर्णांक चार व्होल्ट. चार्जर जोडला, दिवा मंद मिणमिणू लागला. बोर्ड बिघडलाय, चार्जरच्या तारा सरळ बॅटरीला जोडू, असा मोहनचा सल्ला. मी बोर्ड पोटाशी धरला आणि समजावू लागले. इतकी उतरलेली बॅटरी बोर्डावरची चिप एकदम भरत नाही. तीन व्होल्टपर्यंत करंटचा फक्त दहावा भाग देते, मग पूर्ण. चार पूर्णांक दोनला पोचली की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत नेते आणि शेवटी थांबते. तापली तरी थांबते. सरळ जोडली तर हे राखण करणारं कुणीच उरत नाही, आणि पेटली तर ती काकांच्या कमरेला असेल.

"उपासावर आधी पेज," काकू हळूच म्हणाल्या.

फक्त एक सांगितलं नव्हतं: अर्ध्या तासात तीन गाठले नाहीत, तर चिप बॅटरी मेली समजून सोडून देते. ते सांगितल्यावर सगळेच मीटरभोवती बसले. दोन पूर्णांक सहा. आठ. मग बराच वेळ आठच. सव्विसाव्या मिनिटाला तीन, आणि दिवा स्थिर झाला. काका कॉफी मागून मोकळे झाले.

पापनाशमची बस भाताच्या शेतांमधून, कालव्यांच्या कडेने जाते. खिडकी डावीकडची घ्या. कथा पूर्ण झाली. लोक काकांकडे बघत होते, मी त्यांच्या कमरेकडे. परतताना मोहनने बसमध्ये सगळ्यांना काकूंच्या बटणाची गोष्ट सांगितली. लोक हसले. मीही हसले, आणि ते मला टोचत राहिलं.

कारण चूक माझी होती. चार्जिंगची एवढी काळजी घेतली, पण तीन व्होल्टच्या खाली जाण्याआधी बॅटरी आपोआप तोडणारा भाग मी बसवलाच नव्हता. तो असता तर बटण दहा दिवस चालू राहिलं तरी चाललं असतं.

घरी येऊन नवा बोर्ड केला, चारदा तपासला, पाठवला. सोबत चिठ्ठी, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या घरात देवनागरी कुणी वाचत नाही: बटणाचा दोष नव्हता, माझा होता. मोहनने मोठ्याने वाचावी, अशी अट.

आठवड्याने काकूंचा फोन आला. बोर्ड मिळाला म्हणाल्या. आणि चिठ्ठी मोहनला दोनदा वाचायला लावली.