राखणीला आलेला भाऊ

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ताईचं यंत्र होतं. काच घासायची, फ्रेमच्या मापाची करायची, कडा गुळगुळीत करायच्या आणि अशी बसवायची की हलेल तर शपथ. हे काम ती तरुणपणापासून करत आली होती. दुकानात सगळे तिला ताईच म्हणत, अगदी वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. तिच्या स्वतःच्या काचा मात्र दुकानातल्या सगळ्यांत जाड. चष्मा काढला की समोर बाई आहे की बुवा, हे तिला आवाजावरून ठरवावं लागे.

लग्न तिने केलं नाही, किंवा खरं सांगायचं तर ते राहून गेलं. आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळले, धाकट्या भावाचा संसार सुरू झाला. वडिलांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पाय चोळून द्यायचे आणि मग दुकान गाठायचं. ते गेले तेव्हा ताईने पन्नाशी ओलांडली होती आणि यंत्रावर वाकून वाकून तिची मान लाकडासारखी ताठली होती.

धाकटा लिफ्टदुरुस्तीची कामं करायचा. मनाने सोन्यासारखा, पण बहिणीच्या बाबतीत जरा जास्तच कर्ता. वडील गेल्यावर लगेचच त्याने आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली.

"ताई, आता एकटी काय करणार आहेस तिथे? गाशा गुंडाळ आणि ये इकडे."

"बघू," ताई म्हणाली. तिचं हे "बघू" त्याने "हो" म्हणूनच ऐकलं.

मानेसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. तलावावर शिकवणाऱ्या बाई रुंद खांद्यांच्या, तोंडाच्या फटकळ. "पाणी काही तुम्हाला खात नाही. आधी पाठीवर पडा. आणि श्वास सोडा. बाई, सोडा म्हणजे सोडा!" कित्येक दिवस ताई काठाचा दांडा घट्ट धरून होती. मग एका संध्याकाळी ती खरंच पाठीवर पडली. दोन्ही कान पाण्यात गेले आणि जग एकदम गप्प झालं. घरातून हाक येईल म्हणून एक कान कायम उघडा ठेवायची तिची सवय. तो कान आज पहिल्यांदा बंद झाला. बाईंनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती रुसल्यासारखी दिसत होती.

पुढे पोहणं जमलं. मग शेजाऱ्यांची पडून असलेली सायकल झाली, मग पहाटेचं पळणं. वर्ष सरता सरता शिकवणाऱ्या बाईंनी स्पर्धेचं सुचवलं. गावाबाहेरच्या तळ्यात पोहायचं, लगेच सायकलवर टेकडीचा रस्ता चढून उतरायचा आणि शेवटी पळायचं, तेही चढ-उताराचंच. हौशी लोकांसाठी होती, म्हणून अंतरं बेताची. ताईने नाव दिलं आणि धाकट्याच्या घरी जेवताना सहज सांगून टाकलं.

धाकट्याचा घास हातातच राहिला. "तुझं डोकंबिकं फिरलंय का?"

"फिरलं असेल."

"मग मीही नाव देतो. कुणीतरी नको का तुझ्यावर लक्ष ठेवायला?"

भावजयीला हसू आवरेना. "तुम्ही? लिफ्ट बंद पडली की जिने चढून तुम्हाला धाप लागते, आणि लिफ्ट बंद पडल्याशिवाय तर तुम्हाला कुणी बोलवत नाही."

धाकटा इरेला पेटला. लहानपणी आपण माशासारखं पोहायचो, एवढ्या भांडवलावर त्याने तयारी झाली असं धरलं.

स्पर्धेच्या सकाळी तळं राखाडी दिसत होतं. सायकली ओळीने लावलेल्या होत्या. ताईने आपला चष्मा बुटात ठेवला आणि नंबराच्या काचा बसवलेला पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला. शिट्टी झाली. पाण्यात हातपायांची एकच झुंबड उडाली. धाकटा तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून.

"ताई, ठीक ना?"

तिने मान हलवली. चार हात मारले नाहीत तोच, "ताई, दम लागला का? थांबायचं का जरा?" उत्तर द्यायला तोंड उघडावं तर पाणी आत. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा ती उभ्याने पाय मारत थांबली.

"तू पुढे हो बरं. मला माझं पोहू दे."

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. तो पुढे निघून गेला. आणि ताई खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या मधल्या फुग्यापाशी जेमतेम पोचली, तोच कुणाची तरी टाच तिच्या कपाळावर बसली. पोहण्याचा चष्मा निसटला आणि बुडाला.

तिचं धाबं दणाणलं. चारी बाजूंना नुसता राखाडी चिखल. फुगा कुठे, काठ कुठे, काही कळेना. छाती भरून आली, श्वास आत घेतला तो बाहेरच पडेना. मग ती पाठीवर पडली. सोडा म्हणजे सोडा. तिने श्वास सोडला, पुन्हा सोडला, आणि छातीतली धडधड हळूहळू कमी झाली.

पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी होडी जवळ आली. वरून आवाज आला, "बाई, हात वर करा. घेतो वर."

तिच्या मनात आलं, करावा हात वर. कोण नावं ठेवणार होतं? धाकटा तर उलट खूषच झाला असता. पण तिने विचारलं, "काठ कोणत्या बाजूला?"

"डाव्या हाताला. लाल कपडा टांगलाय."

"मला दिसत नाही. तुम्ही बोलत राहा."

होडीवाला बोलत राहिला. "डावीकडे. अजून डावीकडे. आता सरळ." मध्येच त्याने आपल्या गुडघेदुखीचंही सांगून घेतलं. त्या आवाजाच्या कडेकडेने ताई काठाला लागली. सायकलींच्या ओळीत तिने चाचपडत दोन परक्यांच्या बुटांत हात घातला, तिसऱ्या खेपेला स्वतःचा चष्मा सापडला. तो डोळ्यांवर चढला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

टेकडीचा रस्ता वळणावळणाचा होता. पहिल्याच वळणावर मांड्या पेटल्या. तिसऱ्या वळणाला ती उतरली आणि सायकल ढकलू लागली. पुन्हा बसली, पुन्हा उतरली. मागून येणारे "चला काकू" म्हणत पुढे जात होते. अर्धा चढ झाला असेल, तोच रस्त्याकडेच्या दगडावर धाकटा बसलेला दिसला. सायकल आडवी, चेहरा पांढराफटक, पोटरी दोन्ही हातांनी धरलेली.

"गोळा आलाय गं. पाय टेकवत नाही."

ताईने सायकल टाकली आणि खाली बसून त्याची पोटरी हातात घेतली. अंगठ्यांनी दाबत, खालून वर. हे तिच्या हातांना सांगावं लागत नव्हतं. धाकटा कण्हत होता, मग कण्हणं थांबलं.

"बाबांना अशीच चोळून द्यायचीस," तो म्हणाला.

"हं."

"म्हणून तर म्हणतो, ये आमच्याकडे. वर्ष झालं, खोली रिकामी ठेवलीय. तुला काही झालं तर कोण आहे तिथे?"

ताईचे हात थांबले नाहीत. "मी येणार नाही रे राहायला."

"आमचं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. तू बोलावतोस, बरं वाटतं. पण मला आत्ता कुठे माझ्या घरात झोप लागायला लागलीय. रविवारी जेवायला येईन. आजारी पडले तर आधी तुलाच फोन करीन. राहायला नाही."

धाकटा रस्त्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. पोटरीमुळे की कशामुळे, ते तिने विचारलं नाही. खालून स्वयंसेवकांची मोटारसायकल येताना दिसली.

"ते येतायत मला न्यायला," तो म्हणाला. "तू कशाला थांबलीस? जा ना."

ती उठली, पण पाय निघेना. दुखणाईत माणसाला सोडून ती आजवर कधी कुठे गेलेली नव्हती. मोटारसायकल येईपर्यंत ती तशीच उभी राहिली, ती चालवणाऱ्या मुलाला "त्याचा पाय लोंबकळू देऊ नका हं" असं बजावलं आणि मग सायकलवर बसली. वळणापर्यंत मागे बघायचा मोह तिने आवरला. वळण गेल्यावर मात्र बघितलंच. तेव्हा झाडांशिवाय काही दिसलं नाही. उरलेला चढ संपला आणि उतारावर वारा कानांत घुसला. भावाला रस्त्यात सोडून आपण खुशाल वाऱ्यावर चाललोय, याचं तिला वाईट वाटलं. आणि उतार संपूच नये असंही वाटलं.

पळणं कसलं, ते फरफटणंच होतं. चढावर चालली, उतारावर दुडकत राहिली. शेवटच्या रेषेपाशी पोचली तेव्हा कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. तिला बघून ती शिडीवरूनच टाळ्या वाजवू लागली. तिच्या मागे आता फक्त एक धिप्पाड जवान गडी उरला होता.

धाकटा लंगडत पुढे आला. सोबत भावजय होती, हातात टॉवेल.

"ताई, बसा तुम्ही आधी," भावजय म्हणाली.

"बसले तर उठणार नाही गं."

धाकट्याने पाण्याची बाटली उघडून दिली. तो तिच्याकडे नीट बघत नव्हता. "कपाळाला काय लागलं?"

"कुणाची तरी लाथ बसली."

"आणि मी पुढे निघून गेलो होतो."

"मीच घालवलं होतं तुला."

फुगा फुटावा तसा तो हसला, पण लगेच पुन्हा गंभीर झाला. मग ते ताईला गाडीने घरी सोडायला निघाले. ताईला तिच्या दाराशी सोडताना भावजयीने विचारलं, "आज तरी येता का आमच्याकडे? एकट्याने जिना कसा चढाल?" धाकट्याने तिला हाताने थांबवलं.

"चढेल ती," तो म्हणाला आणि गाडीतच बसून राहिला. ताई कठडा धरून एकेक पायरी वर गेली, तिच्या खोलीतला दिवा लागला, मग त्याने गाडी सुरू केली.