रिकामे बीम

माझी नात घरात बसून कारखाने बांधते. खरे नव्हेत, कॉम्प्युटरवरच्या खेळातले. खेळणाऱ्याने ट्रक घ्यायचे, रस्ते करायचे, माल इकडचा तिकडे न्यायचा. कोणत्या कारखान्यात काय जातं आणि काय बाहेर पडतं, हे ठरवायचा तिला पगार मिळतो. गेल्या महिन्यात तिने भिवंडीचा नकाशा करायला घेतला आणि आमचं बिनसलं.

"सायझिंगचं मला विचार," मी म्हटलं. "सहा वर्षं काढलीत तिथे."

"आजी, तू तिथे कारकून होतीस. मी सगळं वाचलंय."

वाचलंय! बरं. मी खुर्ची ओढून तिच्या मागेच बसले, शेंगा फोडत, मुद्दाम आवाज करत.

नकाशा दिसायला झकास. सुताला सायझिंगमध्ये खळ लागते, मग ते लोखंडी बीमवर, म्हणजे भल्यामोठ्या रिळावर, गुंडाळलं जातं. भरलेला बीम ट्रकने लूमवर, म्हणजे मागावर, तिथून कापड राहनाळच्या गोदामात. लूमवरचं सूत संपलं की रिकामा बीम परत सायझिंगला. हेही तिने घातलं होतं. तरी खेळातले दहाबारा दिवस गेले की सायझिंग बंद पडायचं, त्याच्या मागोमाग लूम. तिने ट्रक वाढवले, तर ते आणखी लवकर बंद पडलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत नकाशा चालला नाही, तर कंपनी भिवंडी काढून दुसऱ्या कुणाची सुरत घालणार होती. शनिवार उजाडला, नात नखं खात होती. खोट कुठे आहे ते मला दुपारीच दिसलं होतं. सांगितलं नाही. शेंगा खाल्ल्या.

"तुला हसू येतंय?"

"येतंय."

"मग आत जाऊन हस ना!"

गेले नाही. पडद्यावर चाललेला गोंधळ माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

बाविसाव्या वर्षी मी टेमघरच्या एका सायझिंगमध्ये लागले. बी. कॉम., कडक इस्त्रीची साडी आणि डोक्यात हवा. माल पाठवायचं काम माझ्याकडे. टेम्पो लूमच्या दारात तासन्‌तास उभा राहायचा, जुना बीम रिकामा होऊन उतरेपर्यंत. मला वाटलं, काय हा अडाणीपणा! मी ड्रायव्हरला फर्मान सोडलं: माल टाकायचा आणि फिरायचं, थांबायचं नाही. अंजूरचा म्हातारा मुकादम म्हणाला, "बाय, टेम्पो थांबतो त्याला कारन हाय."

"काका, तुम्ही मशीन बघा," ही बया म्हणाली.

पाचव्या दिवशी खळ उकळतेय, ओलं सूत मशीनवर चढलेलं, आणि गुंडाळायला एकही रिकामा बीम नाही. सगळे लूमवाल्यांच्या बोळात पडलेले. सूत मशीनवरच वाळून काठीसारखं झालं. शेठ आले.

ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, मॅडम ने बोला था."

"मी? छे! मी कशाला असं सांगेन?"

शेठने त्याला तिथल्या तिथे काढलं. मला पंख्याखाली बसवून थंडा मागवला. मी तो संपवला. मुकादम त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलला.

साडेचारला नातीने हात टेकले. "जाऊ दे. होऊ दे सुरत."

"ट्रकना थांबू नका म्हणून तूच सांगितलंयस ना?" मी विचारलं.

"मग काय करू? रस्त्यावर रांग लागत होती."

"लागू दे. रिकामा बीम घेतल्याशिवाय एकालाही दारातून हलू देऊ नकोस."

तिने वळून पाहिलं. "तुला कसं कळलं?"

अनुभव, असं म्हणून मिरवता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण सगळं सांगून टाकलं, थंड्यासकट.

"तो ड्रायव्हर कुठे गेला मग?"

"माहीत नाही."

"शोधलाही नाहीस?"

"नाही."

"शी, आजी!"

एवढं बोलून तिने पडद्याकडे तोंड फिरवलं. ट्रक दारात थांबू लागले. रांगा लागल्या, पण रिकामे बीम परत यायला लागले. वीस दिवस, चाळीस दिवस, सायझिंग चालूच. सहाच्या आत नकाशा कंपनीकडे गेला.

तो मंजूर झाल्याचं मला सुनेकडून कळलं, नातीकडून नाही. ती अजून जेवताना आमटीचं भांडं माझ्याकडे नुसतं सरकवते, वाढत नाही. मी आपली घेते वाढून.