भरवशाची नाही

माझे अक्षर कोणी पाहू नये म्हणून ही वही मी लुगड्यांच्या घडीत ठेवते. चौथीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमले नाही. ओळी तिरक्या जातात, त्या थोड्या डोळ्यामुळे आणि थोड्या रागामुळे. माफी असावी.

माझे बाबा काचबिंदूने आंधळे झाले. या रोगात डोळा दुखत नाही, नजर कडेकडेने जाते आणि कळतही नाही. मुंबईचे एक मोठे डॉक्टर खूप वर्षे आमच्या जिल्ह्यात येतात. आधी ते साखरेच्या रोग्यांच्या डोळ्यांतले पडदे तपासत. मग त्यांना दिसले की इथे काही घरांत बापामागून मुलांचीही नजर जाते. तेव्हापासून काचबिंदू हेच त्यांचे संशोधन. माझ्याही डोळ्यांत तो निघाला, म्हणून त्यात मलाही घेतले. थेंबांची बाटली फुकट, आणि अधूनमधून कुडाळला तपासणी.

तिथे एक पांढरे, मोठ्या टोपासारखे यंत्र आहे. त्यात तोंड घालून बसायचे, एक डोळा झाकायचा, आत बारीक दिवा लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "दिवा दिसला की दाबा." मी बसले. दिवा दिसेना. यंत्र आत टकटक करत होते. मागून तो माणूस म्हणाला, "दाबा ना मावशी, झोपलात काय?" मला शाळा आठवली. उत्तर आले नाही तर छडी. मी टक वाजले की बटण दाबत गेले.

पुढच्या वेळी सांगितले, तुमचे नाव आता यादीत नाही. का, ते सांगितले नाही. मी विचारलेही नाही. तपासणीचा कागद घरी आणला, तो मुलीने वाचला.

"आये, हेच्यात तुका भरवशाची नाय म्हणून लिवल्यानी."

"माका? मी कोणाचा काय चोरलंय?"

पुढची दोन वर्षे आमसुले विकून मी थेंब विकत घेतले. तेच जुने थेंब.

मग मालवणात त्या मोठ्या डॉक्टरांचे भाषण होते. मुलीने ओढून नेले. डॉक्टर माणूस बोलका. म्हणाले, संशोधनात काय काय सोसावे लागते पाहा, एका बाईंनी न दिसणाऱ्या दिव्यांनाही बटण दाबले, यंत्राच्या हिशेबाने त्यांची नजर घारीपेक्षा तेज! सगळे हसले. माझी मुलगीही हसली, मग माझ्याकडे बघून गप्प झाली. माझे कान तापले होते.

ते चहा घेत होते तिथे मी गेले. आयुष्यात कोणासमोर तोंड उघडले नव्हते.

"ती बाई मी."

त्यांनी कप खाली ठेवला. "अहो, पण मग दाबलंत कशाला? त्यातले निम्मे दिवे कुणालाच दिसत नाहीत. मलाही नाही. यंत्रच तसं असतं."

"ह्या माका कोणी सांगल्यान?" शुद्ध बोलायचे मी विसरलेच. "तुमचो माणूस म्हणालो दाबा, मी दाबलंय. तुमका इतकी वर्षां झाली हंय येऊन, एकदा तरी सांगूचा होता! वर माकाच हसतास?"

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः समोर बसून माझी परीक्षा घेतली. या वेळी मी दिसले तेवढेच दाबले. डाव्या डोळ्याची वरच्या बाजूची नजर गेलेली निघाली. म्हणाले, तेव्हाच खरे कळले असते तर औषध बदलले असते, बरेचसे वाचले असते. चूक आमची. गेलेले परत येत नाही.

आता त्या यंत्रापाशी म्हाताऱ्यांना काय सांगावे ते त्यांनी मला विचारून लिहून घेतले. "दिवो दिसलो तर दाब. नाय दिसलो तर गप रव, कोण वरडूचो नाय." एवढेच. यावरही ते लेख लिहितील, टाळ्या घेतील. घेऊ देत. माझा राग जात नाही.

थेंबांचे पैसे परत द्यायचे त्यांनीच कबूल केले. पण त्यांच्या कचेरीतला कारकून म्हणाला, दोन बिलांवर शिक्का नाही, ती सोडून देऊ. मी खुर्चीवरून उठले नाही. म्हटले, त्या दोन बाटल्याही याच डोळ्यात गेल्या. त्याने डॉक्टरांना फोन लावला, मान हलवली, आणि सगळ्या बाटल्यांचे पैसे, शेवटच्या रुपयापर्यंत, माझ्या हातावर मोजून ठेवले.